कडी होती, कुलूप नव्हतं

ता. ४ जानेवारी

विहीणबाईंना नमस्कार.

तुमचं पत्र येऊन सात आठवडे झाले आणि उत्तर आज लिहितोय, म्हणून आधी माफी मागतो. चष्म्याची काडी मोडली होती. ती मीच दुरुस्त करायला घेतली, म्हणून आणखी वेळ लागला. शिवाय मला काळजी लागली की अक्षर बिघडतं, आणि अक्षर बिघडलं की तुम्ही पत्र नीट वाचणार नाही याची काळजी लागते. असं ते गोल गोल फिरत राहिलं.

फोनवर का बोलत नाही, असं तुम्ही विचारलंत. फोन बाहेरच्या खोलीत असतो आणि मला कमी ऐकू येतं म्हणून मी ओरडून बोलतो. मी गुपित सांगितलं की ते तळमजल्यावरच्या शिंपिणीला आधी कळतं, पलीकडच्या माणसाला नंतर. आणि हे काम गुपचूप करायचं आहे.

काम आपल्या नातीचं, किल्लीचं. माझा मुलगा आणि तुमची लेक तिला घेऊन मे महिन्यात वीस दिवस परदेशी तुमच्याकडे येणार. तिकडे एवढी मोठमोठी प्राणिसंग्रहालयं, आणि पोरीच्या डोक्यात जनावरांशिवाय काही नाही. पण मुलाने साफ सांगून टाकलंय, "समुद्र दाखवीन, पूल दाखवीन, उंच मनोऱ्यावर नेईन. प्राणिसंग्रहालयाचं नाव काढायचं नाही. इथलं मी विसरलेलो नाही." इथलं म्हणजे मागच्या वर्षीचं. गोंधळ झाला, किल्ली बाकाखाली शिरली आणि दीड तास बाहेर आली नाही, हे तुम्हाला लेकीने सांगितलं असेलच. त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही.

डॉक्टरांनी तिच्यासाठी स्वमग्न हा शब्द दिला तेव्हा मी चौथी पास माणूस, घरी येऊन दोनदा लिहून बघितला. मला तो पटलेला नाही. ती स्वतःत कुठे मग्न असते? तिला स्वतःचे केस विंचरायचं सुचत नाही. ती ओकापीत मग्न आहे.

ओकापीचं सांगायचं राहिलं. गेल्या महिन्यात जेवताना तिने विचारलं, "आजीकडे ओकापी आहे?" मला कॉपी ऐकू आलं. मी रागावलो. म्हटलं, परीक्षेत कॉपी करायची नसते. ती म्हणाली, "कॉपी नाही. ओकापी." मी म्हटलं, "ओ म्हण नाहीतर अहो म्हण, कॉपी ती कॉपीच!" मग तिने पुस्तक आणून दाखवलं. मागून झेब्रा, पुढून खेचर. छापखान्यात दोन चित्रं एकमेकांना चिकटली असावीत असं मी म्हटलं, तर तिने पुस्तक मिटून काखेत घेतलं आणि चार दिवस मला परत दाखवलं नाही.

तिच्या बापाने नाही म्हटल्यावर ती रडली नाही. तिने तो विषयच बंद केला. तेच मला बघवत नाही.

तर तुम्ही तिकडे बसने, आगगाडीने जमतील त्या जागा स्वतः बघून या आणि अशी एक निवडा की तुमच्या जावयाला नाही म्हणायला तोंड उरू नये. किल्लीला विचारून तिच्या अटी लिहितो. ओकापी हवी. हात वाळवायचं ते घोंघावणारं यंत्र नको. आणि जी वेळ सांगितली त्याच वेळेला आत सोडायला हवं. माझी अट एवढीच की प्रत्येक पिंजऱ्याला कुलूप कसलं आहे ते बघा. खटक्याचं, की दांडीचं? किल्ली कोणाजवळ असते? चाळीस वर्षं कुलपं दुरुस्त केली आहेत, मला तेवढं कळवलंत की बाकीचं मी ओळखीन.

किल्लीला हे गुपित ठेव म्हटलं. ती म्हणाली, "कोणी विचारलं तर सांगेन." सुदैवाने तिला कोणी काही विचारत नाही.

आपला,
किल्लीचा आजोबा


ता. २१ जानेवारी

व्याहीबुवांना नमस्कार.

चष्म्याची काडी तुम्हीच दुरुस्त केलीत हे अक्षरावरून समजलं. अर्धी ओळ वर चढते, अर्धी खाली उतरते.

काम मनावर घेतलं आहे. तीन जागा बघून आले. त्यांची माहितीपत्रकंही पाठवते आहे, चित्रं किल्लीला द्या.

पहिली जागा आमच्या शहरातली, सगळ्यात मोठी. तिथे जिराफ आपली लांबसडक मान डौलाने झुकवून जणू पाहुण्यांचं स्वागतच करतात. हत्तींचं कुटुंब जलक्रीडेत रमून जातं. पण ती मला पसंत नाही. रांग रस्त्यावर येते आणि दर दहा मिनिटांनी कर्ण्यावरून हरवलेल्या पोरांची नावं पुकारतात. ऐकून ऐकून मलाच हरवल्यासारखं झालं.

दुसरी जागा म्हणजे मोकळं रान. जनावरं मोकळी आणि माणसं गाडीत कोंडलेली. निसर्गाच्या कुशीत वनराजाचं दर्शन हा तिथला अविस्मरणीय अनुभव. मात्र वनराज कधी येईल ते कोणी सांगत नाही. समोरच्या कुटुंबाला तीन तासांत एक ससा दिसला, तोही कोणाचा तरी पाळलेला असावा. किल्लीला वेळेवर लागतं, तिथे वेळ सिंहाच्या मर्जीवर आहे.

तिसरी जागा इथून आगगाडीने दोन तासांवर, टेकडीवर, छोटी. तिथे दोन ओकाप्या आहेत. लाजाळू, सावलीप्रिय, मखमली कातडीच्या या वनकन्या बघताना देहभान हरपतं. त्यांना आवाज सोसत नाही म्हणून त्यांच्या घराशी पाटी आहे, 'इथे कुजबुजा'. आणि दर बुधवारी सकाळी एक तास आधी दार उघडतात, फक्त किल्लीसारख्या मुलांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी. त्या तासाला कर्णे बंद, यंत्रं बंद, गर्दी नाही. मला वाटतं, शोध संपला.

कुलपांचं म्हणाल तर कुलपं आहेत. चांगली मोठी आहेत.

तुमची,
किल्लीची आजी


ता. ६ फेब्रुवारी

विहीणबाईंना नमस्कार.

पत्र आणि पत्रकं पोचली. तिसरी जागा वाचून मला बरं वाटलं आणि मग लगेच बरं वाटेनासं झालं, कारण कुलपांबद्दल तुम्ही लिहिलंत, 'चांगली मोठी आहेत.' विहीणबाई, मोठं कुलूप हे कुलपाचं वर्णन नाही. बत्तीस वर्षं नाट्यगृहाच्या तिकीटखिडकीवर बसलेली बाई, जिला चौथ्या रांगेतली सातवी खुर्ची डुगडुगते हे पाठ असायचं, ती 'चांगली मोठी' लिहील? मला शंका आली.

पण मी गप्प बसलो असतो. बोलली ती किल्ली. मी तिला तुमचं पत्र वाचून दाखवत होतो आणि ती पत्रकं बघत होती. तिकडची भाषा तिला जनावरांच्या पुस्तकांतून येते, तुम्हाला माहीत आहे. जिराफाशी आलो तशी म्हणाली, "पान तीन, ओळ दोन." जलक्रीडेला म्हणाली, "पान तीन, ओळ पाच." वनकन्यांना तर ती माझ्या आधीच पुढचा शब्द सांगायला लागली. मी म्हटलं, "अगं, आजी स्वतः बघून आली आहे." तर म्हणाली, "आजोबा, ही ओकापी नाही. ही कॉपी आहे."

मी हसू दाबलं. हसलो असतो तर मुलगा आतून बाहेर आला असता.

आता खरं सांगा. तुम्ही आत गेला होतात का? पोरीचा सगळा भरवसा तुमच्या या तीन पानांवर आहे. तिने वहीत ओकाप्यांसाठी दोन पानं कोरी सोडली आहेत. रोज ती पानं उघडते आणि मिटते. माझ्या मुलापुढे ही पत्रकं ठेवली आणि त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "आत्या-मावश्यांचं नको, प्रत्यक्ष कोणी बघितलंय?" तर मी काय सांगू?

तुम्हाला राग आला असेल तर येऊ दे, पण उत्तर पाठवा. राग आला म्हणून उत्तर पाठवलं नाहीत तर राग आला की पत्र हरवलं हे मला कळणार नाही, आणि मी दोन्ही धरून बसेन.

आपला,
किल्लीचा आजोबा


ता. २३ फेब्रुवारी

व्याहीबुवांना नमस्कार.

पकडलंत. म्हणजे तुम्ही नाही, माझ्या नातीने पकडलं, पण श्रेय तुम्ही घ्याल हे मला माहीत आहे.

नाही गेले आत. तिन्ही ठिकाणी दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. मला जनावरांची भीती वाटते. शेजारणीचं मांजर जिन्यात बसलं असलं की मी ते उठेपर्यंत वरच थांबते, आणि ते मांजर म्हातारं आहे, लवकर उठत नाही. हे माझ्या लेकीलाही माहीत नाही. जनावरांसाठी जीव टाकणाऱ्या पोरीची आजी अशी, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? म्हणून ज्याच्याकडे राहते त्या माझ्या मुलाकडून पत्रकं वाचून घेतली, मला इथलं बोलणं कळतं पण वाचता येत नाही, आणि खाली माझं नाव लिहिलं.

पण फुकटची फिरले नाही. माझं काम ज्याचं होतं ते मी बघितलं. प्रत्येक ठिकाणी दोन-दोन तास तिकीटखिडकीपाशी उभी राहिले. खिडकीवरून आतलं सगळं कळतं, हे माझ्यावर सोडा. पहिल्या जागी खिडकीवरचा पोरगा मान वर न करता तिकिटं फेकत होता. एका बाईने विचारलं, 'आवाज कमी असलेली वाट कोणती?' तर तो म्हणाला, 'घरची.' रानातल्या जागी खिडकीच नव्हती, एक पेटी होती, तिच्याशी बोला.

तिसऱ्या ठिकाणी खिडकीवर माझ्या वयाची बाई होती. एक मुलगा आईबरोबर आला. त्याने विचारलं, 'कासव जागं आहे का?' ती म्हणाली, 'आत्ताच जागं झालं.' त्याने पुन्हा विचारलं. पुन्हा. मी मोजलं, नऊ वेळा. नवव्या वेळीही ती पहिल्यांदा विचारल्यासारखंच म्हणाली. मागे रांग होती, कोणी चकार शब्द काढला नाही. बत्तीस वर्षांत मला हे चार वेळांपलीकडे जमलं नव्हतं. जागा हीच. हे जावयाला सांगायचं असेल तर माझ्या नावाने खुशाल सांगा.

मी माझं सांगितलं. आता तुमची पाळी.

किल्ली रविवारी माझ्याशी फोनवर बोलते. प्राणिसंग्रहालयाचा विषय निघाला की ती एकच वाक्य म्हणते, 'कडी होती, कुलूप नव्हतं.' वर्षभर म्हणते आहे. माझी लेक म्हणते, तिला एखादं वाक्य आवडलं की ती घोळवते, सोडून दे. मीही सोडलं होतं. पण कडी वेगळी आणि कुलूप वेगळं हे ज्या घरात नऊ वर्षांच्या मुलीला कळतं, त्या घरात कुलूपवाला एकच आहे. आणि तुम्हीच लिहिलं होतंत, 'त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही.' ज्या माणसाने चष्म्याच्या काडीवर अर्धं पान लिहिलं, त्याने.

मी तिला पुढे विचारू शकते. कोणी विचारलं तर ती सांगते. पण मी तिला विचारणार नाही. तुम्हाला विचारते आहे.

कसली कडी?

किल्लीची आजी


ता. ८ मार्च

विहीणबाईंना नमस्कार.

पत्र मिळालं. मांजराचं वाचून वाईट वाटलं. जिन्याला दोन्ही टोकांना दार बसवता येईल का ते बघा. इकडे सगळे ठीक. हवा बरी आहे. परवा शाळेच्या मास्तरांची पेटी उघडून दिली, आत दुसऱ्या पेटीची किल्ली निघाली आणि ती दुसरी पेटी त्यांनी पूर्वीच भंगारात दिली होती. फार हळहळले. मला थोडा खोकला आहे. जास्त लिहवत नाही.

आपला,
किल्लीचा आजोबा


ता. १९ मार्च

व्याहीबुवा,

खोकल्याला औषध घ्या. कसली कडी?


ता. ७ एप्रिल

विहीणबाईंना नमस्कार.

तुमचं कार्ड टपालवाल्याने वाचलं होतं. हातात देताना त्यानेही विचारलं, "कसली कडी, हो?" मग मात्र मला घरात बसवेना.

सांगतो. सुट्टीचा दिवस होता. मुलगा पाण्याची बाटली आणायला गेला होता, तुमची लेक रांगेत होती. मी आणि किल्ली अस्वलापुढे उभे होतो. लोक अस्वल बघत होते. मी दार बघत होतो, सवयच तशी आहे. दाराला कडी होती, कुलूप नव्हतं. कडीत कोणीतरी काटकी खोचून ठेवलेली. मी खिशात हात घालून किल्ल्या मोजल्या. मी किल्लीला म्हटलं, "बघ, बघ, कडी आहे, कुलूप नाही!" ती म्हणाली, "अस्वल झोपलंय." खरंच झोपलं होतं. पण मला त्याच्या पायांची हालचाल दिसायला लागली. आणि मी ओरडलो, "अस्वल सुटलं! पळा!"

पन्नास-साठ माणसं होती. पळाली. एकाने शिट्टी फुंकली, दुसऱ्याने भोंगा वाजवला. अस्वलाने एक डोळा उघडला, आमच्याकडे बघितलं आणि कूस बदलली. किल्लीने कान झाकले आणि बाकाखाली गेली. विहीणबाई, त्या सगळ्यांत शहाण्यासारखं तेवढी एकटीच वागली. ती ओरडली नाही. ती आयुष्यात कधी ओरडलेली नाही.

मग पहारेकरी आला. ते दार अस्वलाचं नव्हतंच. झाडू आणि बादल्या ठेवायच्या खोलीचं होतं. अस्वलाचं दार मागच्या बाजूला होतं, त्याला दोन कुलपं होती, दोन्ही चांगली. चाळीस वर्षं कुलपं केलेला माणूस झाडूला घाबरून ओरडला.

तेवढ्यात मुलगा धावत आला. कोणीतरी त्याला म्हणालं, "ही मुलगी किंचाळली वाटतं, आणि मग सगळे पळाले." त्याने माझ्याकडे बघितलं. मी हो म्हणून मान हलवली. तोंडाने काही बोललो नाही. पण मान हलवली.

तेव्हापासून तिला कुठे नेत नाहीत. आणि ती सव्वा वर्ष प्रत्येकाला सांगते आहे, 'कडी होती, कुलूप नव्हतं', आणि सगळे म्हणतात, घोळवते. मला कळत होतं ती काय सांगते आहे. ती समोर हे वाक्य म्हणाली की मी खोकायचो.

गेल्या आठवड्यात जेवताना सांगून टाकलं. तुम्हाला सांगतो तसंच, झाडूसकट. मुलाचा घास हातात राहिला. म्हणाला, "बाबा, सव्वा वर्ष?" मी म्हटलं, "हो." म्हणाला, "मी तिला शेजारच्यांच्या घरीही नेत नव्हतो." मी म्हटलं, "हो." तुमची लेक म्हणाली, "हो हो काय म्हणताय, मामंजी? काहीतरी बोला!" आणि मग तिलाच हसू फुटलं. झाडूवर. ती हसली म्हणून मी हसलो, आणि मुलगा हसला नाही.

तो उठून किल्लीपाशी जाऊन खाली बसला. म्हणाला, "त्या दिवशी काय झालं होतं?" तिने सांगितलं. पहिल्यापासून, क्रमाने. झाडूची दांडी हिरवी होती हेही तिला माहीत होतं. सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "आता जेवण गार झालं," आणि जेवायला बसली. तिने मधे कुठेही माझी तक्रार केली नाही. माझी बाजूही घेतली नाही. जे झालं ते सांगितलं.

आज पाच दिवस झाले, मुलगा माझ्याशी बोलत नाही. मी समोर बसलेला असलो तरी बायकोला म्हणतो, "त्यांना सांग, मीठ सरकवा." मीठ मी सरकवतो. काल त्याने तुमची पत्रकं माझ्या खणातून काढली आणि किल्लीबरोबर बसून वाचली. दार लावून. मी दाराला कान लावला होता, पण मला कमी ऐकू येतं हे तुम्हाला माहीतच आहे.

तिला नेणार की नाही हे त्याने मला सांगितलेलं नाही. मला सांगायचं त्याला कारणही नाही. पण तुम्हाला सांगितलं असेल तर कळवा.

आपला,
किल्लीचा आजोबा


ता. २० एप्रिल

व्याहीबुवांना नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मी दोनदा पाणी प्यायले. एकदा हसून ठसका लागला म्हणून, एकदा दुसऱ्या कारणासाठी.

जावयांचा फोन आला होता. त्यांना तिसरी जागा पसंत आहे. किल्लीने त्यांना तिन्ही जागांचे गुणदोष वहीतून वाचून दाखवले. माझी खिडकीवरची बाई तिच्या यादीत पहिल्या नंबरावर आहे, ओकापीच्याही वर. मे महिन्यातला शेवटचा बुधवार ठरला.

मग म्हणाले, "चार जणांची जागा धरा." मी म्हटलं, "तुम्ही तर तिघं." म्हणाले, "बाबा येणार आहेत." मी म्हटलं, "ते तुमच्याशी बोलतात का?" तर म्हणाले, "मी त्यांच्याशी बोलत नाही. पण गोंधळ त्यांनी घातला, तर निस्तरायला तेच येतील. तिचा हात धरून त्यांनी पूर्ण फेरी मारायची, एकही दार न चुकवता." त्यांनी तुम्हाला सांगितलं नसेल म्हणून मी सांगते. बसून घ्या. पाणी प्या.

पाचवी मी. जाणार आहे आत. मांजरापेक्षा ओकापी तरी लाजाळू असते, असं पान सहावर लिहिलं आहे.

आता एक काम उरलं. बुधवारच्या तासासाठी तिथे आधी एक कागद भरून द्यावा लागतो. सोबत जोडला आहे, खाली माझ्या मुलाने मराठीत लिहिलं आहे. आपल्यापैकी ज्या पाहुण्याला गर्दीचा, आवाजाचा किंवा कशाचा त्रास होतो, त्याच्याबद्दल तिथल्या माणसांनी काय लक्षात ठेवावं, ते लिहायचं. प्रत्येक कुटुंबाला एकच कागद मिळतो. जावयांना भरायला सांगा, म्हणजे तुमच्या सुनेमार्फत सांगा. भरलात की माझ्याकडे धाडा, मी स्वतः खिडकीवर नेऊन देईन.

तुमची,
किल्लीची आजी


ता. २९ एप्रिल

विहीणबाईंना नमस्कार.

बसलो. पाणी प्यायलो. पुन्हा बसलो.

परदेशी जायचा परवाना माझ्याकडे आहे. सहा वर्षांपूर्वी कधी लागला तर या काळजीने काढून ठेवला होता, तेव्हा घरात सगळे हसले होते. आता कोणी हसत नाही. विमानाचं दार आतून कसं लागतं हे मी मुलाला विचारलं, तर तो सुनेला म्हणाला, "त्यांना सांग, दाराजवळची खुर्ची त्यांना मिळणार नाही." आणि मग माझ्याकडेच बघून म्हणाला, "मिळणार नाही, बाबा." तेवीस दिवसांनी थेट बोलला. मी पुढे काही विचारलं नाही, न जाणो परत थांबायचा.

कागद भरला आहे, सोबत पाठवतो. तो भरायला मुलगा बसला होता, पेन उघडून. पहिल्या ओळीत किल्लीचं नाव लिहिणार, एवढ्यात तिने कागद वाचला आणि त्याच्या हातून पेन घेतलं. म्हणाली, "ज्याला त्रास होतो त्याचं लिहायचं आहे. बुधवारी कर्णे बंद असतात. मला त्रास होणार नाही." मुलगा म्हणाला, "मग कोणाचं लिहायचं?" ती लिहायलाच लागली. तिने जे लिहिलं ते खाली उतरवतो, कारण तुम्ही कागद खिडकीवर देऊन टाकाल आणि मला मागून वाटेल की मी चुकीचं वाचलं.

'पाहुणा: आजोबा. वय: ७१.

कशाने घाबरतात: दारांनी.

कसं ओळखावं: आधी खिशात हात घालून किल्ल्या मोजतात. मग ओरडतात. मधे थोडा वेळ मिळतो.

काय करावं: त्यांना घाई करू नये. त्यांना खोटं सांगू नये. हात लावण्याआधी विचारावं. दार कशाचं आहे ते दारावर लिहावं.

काय करू नये: सगळ्यांनी एकदम बघू नये. ते मुद्दाम करत नाहीत.

सोबत कोण असेल: मी.'

मुलाने तो कागद दोनदा वाचला. मग खाली पालकाची सही असते तिथे सही केली. माझा पालक म्हणून. मी म्हटलं, "अरे, कोण कोणाचा पालक?" तर म्हणाला, "बाबा, गप्प बसा आणि पाकीट आणा."

मला खोडायचं काहीच नाही. पण विहीणबाई, माझ्या जिवाला आता एकच घोर. ती वेळ मुलांसाठी आहे आणि मी एकाहत्तरचा. किल्लीचं नाव त्या कागदावर कुठेच नाही. त्या लोकांनी म्हटलं की हा म्हातारा बसत नाही आमच्या नियमात, तर माझ्यापायी पोरीचा बुधवार जाईल, दुसऱ्यांदा. मी तिला म्हटलं, तुझंच नाव घालू या, एकच मिळतो तरी विनवून दुसरा कागद मागवू. ती म्हणाली, "ते खरं नाही." आणि ओकाप्यांच्या कोऱ्या पानांवर वर तारीख घालून मोकळी झाली.

म्हणून हात जोडून सांगतो, पत्र मिळाल्याबरोबर पहिल्या गाडीने जा आणि कागद त्या खिडकीवरच्या बाईंच्या हातात द्या. त्या हो म्हणाल्या की नाही, ते तिथूनच मला कळवा. पत्राला वेळ नसेल तर फोन करा, मी ओरडून बोललो तरी चालेल, शिंपिणीलाही आता सगळं माहीत आहे. त्या नाही म्हणाल्या तर मी घरी राहीन, पण तेही लवकर कळवा. आणि हो म्हणाल्या, तर तासाभराचाही उशीर करू नका, मला बॅग भरायची आहे आणि त्यात काय भरायचं याची काळजी अजून सुरूच केलेली नाही.

वाट बघतो आहे.

आपला,
पाहुणा